चावून घेतलेला टॉर्च

आमच्या बाई टॉर्च विकत घेण्याआधी तो चावून बघायच्या.

दुकानात, काउंटरसमोर, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. खोक्यातून टॉर्च काढायचा, रुमालाने पुसायचा आणि चिरुटासारखा दातांत धरायचा. मग मान वर, मान खाली, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांनी हवेतच काहीतरी ठोकल्यासारखं आणि काहीतरी लिहिल्यासारखं करायचं. घाटकोपर स्टेशनजवळच्या शेठने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या बशीतला चहा हिंदकळला.

"अरे बेन, आ शुं करो छो? ये खाने का आयटम नहीं है!"

बाईंनी एक बोट वर करून त्याला थांबवलं. टॉर्च तोंडात ठेवूनच त्यांनी दुकानाचा पंखा पाहिला, पंख्यामागची ओल पाहिली, वरच्या फळीवरचं कोळ्याचं जाळं पाहिलं. मग टॉर्च काढून, पुन्हा पुसून निकाल दिला. "जड आहे. अर्ध्या तासात जबडा उतरेल. दुसरा दाखवा."

"पण तोंडात कशाला धरायचा?"

"तुमच्याकडे तिसरा हात आहे का विकायला? असला तर तो दाखवा."

यात वेडेपणा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण तुम्हीही तिथे असतात तर शेठसारखेच बघत राहिला असतात. बाई आमच्या ऑफिसात जुन्या इमारतींची तपासणी करायच्या. स्ट्रक्चरल ऑडिट. उपनगरात तीस-चाळीस वर्षांची इमारत असली की कधी ना कधी आमच्यासारखं कुणीतरी येऊन तिचे पिलर ठोकून जातंच. बाईंच्या एका हातात छोटी हातोडी असायची, दुसऱ्यात पॅड आणि पेन्सिल. उरले दात. डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, "पाइपांच्या मध्ये डोकं घातलं की पहिला तोच आपटतो. आणि दार उघडणाऱ्या आज्यांना वाटतं, खाणीतून कुणीतरी वर आलं."

मी त्या ऑफिसात रिपोर्ट टाइप करायला लागले तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. उंची जेमतेम पाच फूट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि प्रत्येक कुर्त्याला दोन खोल खिसे. शिंप्याला त्या बजावून सांगायच्या, "गळा कसाही शीव, खिसा नीट शीव." मूळ गाव कुडाळकडचं, वडील गिरणीत होते, बालपण परळच्या चाळीत. पुढे त्यांनी डिप्लोमा केला आणि घाटकोपरला बिऱ्हाड मांडलं, एकटीचं. लग्नाबद्दल मी एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाल्या, "स्थळं आली होती गो. पण ठोकून पाहिली, पोकळ वाजली."

महिन्याभरात त्यांनी सरांना सांगून मला टाइपिंगवरून उठवलं आणि सोबत न्यायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू कमी बोलतेस आणि तुझे हात लांब आहेत."

कुठल्याही इमारतीत शिरलं की लोक घेरायचे. मॅडम, पडेल का हो? मॅडम, किती वर्षं काढेल? बाईंचं उत्तर एकच. "आधी बघूया, मग घाबरूया." हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या की लोक खरंच घाबरायचे थांबायचे आणि चहा टाकायला जायचे.

आता नवा टॉर्च घ्यायची वेळ का आली, ते सांगायला हवं. बाईंकडे पूर्वी दोन सेलची एक जुनी स्टीलची बॅटरी होती. बोरिवलीच्या एका सोसायटीत आम्ही गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला चढलो. तिथले सेक्रेटरी छाती पुढे काढून सांगत होते, "टाकी आम्ही दर सहा महिन्यांनी साफ करतो. नियम म्हणजे नियम." बाईंनी झाकण सरकवलं, बॅटरी दातांत धरून आत वाकल्या. बराच वेळ काहीच हालचाल नाही. मग आतून आवाज आला. डुबुक्.

बॅटरी टाकीच्या तळाशी गेली, पण विझली नाही. तिच्या उजेडात सगळा तळ मत्स्यालयासारखा उजळून निघाला. बोटभर गाळ, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एक क्रिकेटचा चेंडू आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल. कमिटीच्या सातही लोकांनी एकेक करून वाकून दर्शन घेतलं. सेक्रेटरींची छाती हळूहळू मूळ जागी गेली.

बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "आत सेल आहेत हो. पाण्यात फुटले तर वाट लागेल. आजच टाकी रिकामी करावी लागणार. माझंच चुकलं."

संध्याकाळपर्यंत टाकी घासूनपुसून लख्ख झाली. जिना उतरताना मी म्हटलं, "मुद्दाम पाडलीत ना?"

"तोंडातली वस्तू. बोलायला गेले, पडली."

"पण तुम्ही काहीच बोलत नव्हतात."

"बोलणार होते," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पायऱ्या भराभर उतरल्या.

बॅटरी सापडली, पण पुन्हा पेटली नाही. इथून आमचं टॉर्चपुराण सुरू झालं.

सर म्हणाले, "वेगळा टॉर्च कशाला? मोबाइलला असतोच की." बाईंनी हात पुढे केला. "द्या बघू तुमचा." सरांनी मोठ्या कौतुकाने आपला नवा फोन त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी तो रुमालाने पुसला आणि आ वासला. सरांनी इतक्या चपळाईने फोन परत घेतला, की तो विषय आमच्या ऑफिसात पुन्हा कधी निघाला नाही.

मग मी ऑनलाइन मागवायला लागले. पहिला टॉर्च आला तो म्हणे एक किलोमीटरपर्यंत उजेड टाकणारा. बाईंनी तो मुलुंडच्या एका जिन्यात पेटवला आणि लगेच विझवला. "मला भिंत बघायचीय, ठाणं नाही." शिवाय पाच मिनिटांत तो इतका तापायचा की त्यावर पापड भाजला असता. परत पाठवायचं ठरलं. न्यायला आलेल्या कुरियरवाल्याने खोकं उघडलं, टॉर्च फिरवून फिरवून पाहिला आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "मॅडम, ये किसने चबाया?"

मी गडबडून म्हटलं, "कुत्ता है ऑफिस में."

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला. "भौ!"

टॉर्च परत गेला नाही. सरांनी तो स्वतःच्या गाडीत ठेवला.

दुसरा दिसायला झकास होता, बोटभर, हलका. पण त्याचं बटण एकदा दाबलं की भगभगीत, दुसऱ्यांदा दाबलं की मध्यम, तिसऱ्यांदा दाबलं की लुकलुक. बंद करून चालू केला तर कुठून सुरुवात होईल याचा नेम नाही. आम्ही मुलुंडलाच एका घरी छताची ओल बघायला गेलो, आणि नेमका तिथे मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू. घरच्या बाई कानात कुजबुजल्या, "पाहुणे लवकर आले हो. तुम्ही बघून घ्या पटकन, काही बोलू नका." ओल होती ती बरोबर सोफ्याच्या वर. सोफ्यावर नवरा मुलगा. आमच्या बाई स्टुलावर चढल्या, टॉर्च दातांत, बटण दाबलं आणि मुलाच्या डोक्यावर लुकलुक लुकलुक सुरू. बाई दाबतायत, टॉर्च थांबत नाही. मुलाने पट्कन केस सारखे केले आणि वर बघून हसला. त्याच्या आईने पदर सावरला. कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "फोटो काढताय का? मग मला पण घ्या."

ते लग्न जमलं, हे मला नंतर कळलं. टॉर्च मात्र बाईंनी नापास केला. "साधा उजेड यायच्या आत माणूस बोहल्यावर चढतो."

तिसऱ्याच्या शेपटाला लोहचुंबक होतं. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून बाई आधी खूश झाल्या. त्यांनी तो लिफ्टच्या आत पत्र्याला चिकटवला, दार कसं बसलंय ते बघायला बाहेर आल्या, आणि सातव्या मजल्यावरच्या कुणीतरी लिफ्ट बोलावली. टॉर्च एकटाच वर गेला. परत आली ती रिकामी लिफ्ट.

तोवर मलाही कळायला लागलं होतं की बाईंना नक्की काय हवंय. पहिल्या दाबाला सगळ्यात मंद उजेड हवा, कारण जास्त उजेडात भिंत सपाट आणि साळसूद दिसते. उजेड पांढराफटक नको, जरा पिवळसर हवा, म्हणजे गंजाचा डाग तपकिरीच दिसतो. फोनच्याच वायरने चार्ज व्हायला हवा. खिशात आपोआप पेटता कामा नये. आणि दातांत बसला पाहिजे. एवढं सगळं एका ठिकाणी सापडेना. मी सुचवलं, "बाई, चार गोष्टी जमतायत ना? पाचवी सोडून द्या." त्या म्हणाल्या, "पाचवी सोडायची सवय लागली की मग पिलर बघतानाही लागते." एवढं बोलून त्यांनी डब्यातलं अर्धं घावन माझ्या झाकणात टाकलं.

शेवटी टॉर्च मिळाला तो पहिल्या शेठकडेच. तीन-चार महिने येता-जाता आम्ही त्याच्याकडे डोकावत होतो, आणि त्यालाही आता ईर्ष्या चढली होती. एक दिवस आम्हाला बघताच त्याने खणातून एक काळा, मधल्या बोटाएवढा टॉर्च काढला. त्याच्या मागच्या अर्ध्या भागावर त्याने स्वतः सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घट्ट चढवला होता.

"लो बेन," तो म्हणाला, "हवे चावो! अब चबाओ!"

बाईंनी चावला. पंखा पाहिला, ओल पाहिली, जाळं पाहिलं. शेठ श्वास रोखून उभा. बाईंनी टॉर्च काढला नाही. तोंडात ठेवूनच हात पुढे केला आणि शेठशी हस्तांदोलन केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली इमारतीचं काम आलं. सकाळचे अकरा वाजले असतील. तळमजल्याच्या हॉलमध्ये पाळणाघर होतं. एक काकू ते चालवायच्या, आणि त्या दिवशी तिथे दोन ते पाच वर्षांची तेरा मुलं होती. हॉलच्या पिलरना ताजा रंग दिलेला, त्यावर जिराफ, माकड, हत्ती काढलेले. सेक्रेटरी हसतमुख गृहस्थ. त्यांचा नातूही त्याच मुलांत खेळत होता. आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी सगळ्या ट्यूबलाइट लावल्या होत्या, वर एक हॅलोजनही आणून ठेवला होता.

"मॅडम, भरपूर उजेड केलाय."

"फार केलात," बाई म्हणाल्या. "बंद करा सगळा. पडदे पण ओढा."

मुलांना मजा वाटली. अंधारलेल्या हॉलमध्ये बाईंनी टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरला आणि सगळ्यात मंद उजेड लावला. जिराफ सपाट होता. माकड सपाट होतं. हत्तीवर उजेड आडवा पडला आणि मला दिसलं, की हत्तीचं पोट पुढे आलंय. चित्रातलं नाही. खरंच. उजेडाच्या पलीकडे पोटाची सावली पडली होती.

एक चिमुरडी म्हणाली, "त्याने लाडू खाल्ले."

"हो ना गो," बाई म्हणाल्या. "बघूया किती खाल्ले." त्यांनी हातोडीने जिराफ ठोकला. टण. माकड ठोकलं. टण. हत्ती ठोकला. भद्. जरा वर, भद्. जरा खाली, भद्. मग टॉर्च दातांत धरून त्यांनी मान वर केली. पिलर जिथे बीमला मिळतो तिथे एक बारीक चीर होती, आणि खाली फरशीवर, मुलांच्या चपलांवर, पिठासारखी पांढरी भुकटी. मी पाहिलं, बाईंनी पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट दाबलं.

टॉर्च तोंडातून काढून त्यांनी उजेडाचा ठिपका फरशीवर सोडला. "मुलांनो, उंदीर पकडायचाय का? उजेडाचा उंदीर! पण आवाज करायचा नाही हां. आवाज केला की पळतो."

ठिपका सुळकन पुढे सरकला. तेरा मुलं त्याच्यावर झेपावली. ठिपका दाराकडे निघाला, मुलं दाराकडे. काकूंनी बाईंच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मागे रेंगाळणाऱ्या दोघांना दोन काखांत उचललं. मी एकीला उचललं. दारात पोचल्यावर मोठी अडचण झाली. बाहेर लख्ख ऊन, आणि उन्हात उंदीर दिसेना. सेक्रेटरींचा नातू रडकुंडीला आला. "उंदीर कुठे गेला?"

"अरे, तो काय, समोरच्या बागेत पळाला!" बाई ओरडल्या. "धर माझा हात!"

रस्ता ओलांडून सगळी वरात बागेत. बाईंनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. मग त्या परत फिरल्या, आणि तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता.

सेक्रेटरी फाटकात उभे होते. आता हसत नव्हते. "मॅडम, ऑडिटला बोलावलंय. पिकनिक काढायला नाही."

"पिकनिकच समजा. आणि वरच्या मजल्यांवरच्यांना बोलवा. सगळ्यांना, आत्ता."

"एका पिलरसाठी? लोक काय म्हणतील?"

"चालत येऊन काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्यांनी आमच्या सरांना फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला. सरांचा आवाज मला ऐकू येत होता. नक्की आहे का, जरा सबुरीने घ्या, पार्टी ओळखीची आहे. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही या आणि त्या पिलरला टेकून चहा प्या. तुमचा कप संपला की मी सबुरीने घेते."

सर चाळीस मिनिटांत आले. आत गेले, हत्तीसमोर उभे राहिले, वर पाहिलं. चहा कुणी विचारलाच नाही. बाहेर येऊन त्यांनी पहिला फोन टेकू लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला केला. संध्याकाळ व्हायच्या आत त्या हॉलमध्ये लोखंडी टेकूंचं जंगल उभं राहिलं. चार दिवसांनी प्लास्टर फोडलं तेव्हा गवंड्याने आतली सळई दोन बोटांत धरली, आणि ती चकलीसारखी मोडली.

मग सगळं बाहेर आलं. पेंटरने आधीच सांगितलं होतं, इथलं प्लास्टर सुटलंय. सेक्रेटरींनी त्यालाच पुट्टी भरायला लावली आणि वर हत्ती काढून घेतला. मुलं बाहेर काढली त्या दिवशी बागेत ते नातवाला मांडीवर घेऊन बसले होते, त्याच्या चपलेवरची भुकटी पुन्हा पुन्हा पुसत. बाई शेजारी जाऊन बसल्या. मला वाटलं, आता चांगलं सुनावतील. ते म्हणाले, "मला वाटलं, मुलांना हत्ती आवडेल." बाई म्हणाल्या, "हत्ती छान होता हो." एवढंच.

परतताना आम्ही रिक्षा केली. मी टिपणं मागितली तर त्यांनी पॅडऐवजी हातोडी पुढे केली. मग त्यांनीच हातोडीकडे आश्चर्याने पाहिलं. "लोकांना सांगते, आधी बघूया मग घाबरूया. आज बघायच्या आधीच घाबरले होते गो. ती पिठी दिसली ना चपलांवर, तेव्हाच." मी त्यांचा हात धरला. विक्रोळीपर्यंत त्यांनी धरू दिला. मग सोडवून घेत म्हणाल्या, "पुरे. रिक्षावाल्याला वाटेल, आपण पळून चाललोय."

बाईंची दुसरी परीक्षा त्यांच्याच घरी झाली. घाटकोपरला त्या जिथे पंचवीस वर्षं राहत होत्या त्या इमारतीचं ऑडिट आलं. काम दुसऱ्या फर्मकडे होतं, पण शेजाऱ्यांची आशा बाईंवर. त्यांच्या वजनाने रिपोर्टमध्ये 'दुरुस्ती करून चालेल' एवढं यावं. पाडून नवीन बांधायचं म्हणजे तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात, आणि म्हाताऱ्यांना ती वर्षं फार वाटत होती. सभेत सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तीनदा पाहिलंय. चालणार नाही. खाली करा."

दुसऱ्या दिवसापासून शेजार तुटला. जिन्यात समोरून येणाऱ्या काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बाई तेवढ्यातही सांगायच्या, "तीच भिंत बघून ठेवा. तिलाच चीर आहे." कुणी हसायचं नाही. उसळ दिलेली वाटी परत आली, न विसळता. त्या दिवशी मात्र ऑफिसात त्या जेवल्या नाहीत.

हे दोन महिने चाललं. मग लोक भाड्याची घरं शोधायला लागले आणि एक गंमत सुरू झाली. ज्यांनी बोलणं टाकलं होतं त्या काकूंनी दुपारी बाईंना फोन केला. "ऐका ना, कुणाला सांगू नका. पण आम्ही बघितलेलं घर तुम्ही एकदा... तुमच्या त्या टॉर्चने..." बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा निरोप. तेही म्हणाले, कुणाला सांगू नका. मग तिसरं घर, मग सातवं. भांडुप, विक्रोळी, मुलुंड, एक तर पार पवईला. मी सोबत जायचे. बाई प्रत्येक घरात बेसिनखाली आडव्या पडायच्या, छताचे कोपरे बघायच्या, आणि त्यांच्या गुप्त यजमानीणबाई दाराबाहेर पहारा द्यायच्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे शरण गेलोय. बाईंनी कुणालाही दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही. मला मात्र येताना रिक्षात हसून हसून ठसका लागायचा.

आता बाई नाहीत. म्हणजे मुंबईत नाहीत. लगेच डोळे पुसू नका. भाड्याचं घर शोधायचं त्यांनी स्वतःसाठी राहूनच गेलं, आणि मग त्यांनी ठरवलं की नवी इमारत होईपर्यंत कुडाळला बहिणीकडे राहायचं. निवृत्ती जवळ आलीच होती, ती त्यांनी जरा ओढून घेतली. बहिणीच्या घरी फोनला रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर. त्यामुळे त्या मला आठवतात तेव्हा लागत नाहीत, आणि त्यांना मी आठवते तेव्हा अर्धं वाक्य पोचतं. मागच्या रविवारी पोचलेलं अर्धं वाक्य होतं, "अगो, हयसरच्या ग्रामपंचायतीचो स्लॅब..."

इमारत रिकामी झाली त्या दिवशी मी दुपारी डबा घेऊन गेले होते. सगळे गेले, सामानाच्या गाड्या गेल्या, बाईंचा छोटा टेम्पो तेवढा फाटकात उभा. ड्रायव्हर घाई करत होता. बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं," आणि वर गेल्या. एकेक रिकामं घर उघडून, माळे, मोऱ्या, कपाटांचे कोनाडे बघत त्या फिरत होत्या. खाली मला बूट वाजलेले ऐकू येत होते. अर्ध्या तासाने त्या उतरल्या तेव्हा दोन्ही हात भरलेले होते. कुणाच्या भिंतीवर राहिलेलं, अजून चालू असलेलं घड्याळ, कुणाची खिडकीतली तुळस, आणि कागदात गुंडाळलेली एक कवळी.

"दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची," त्या म्हणाल्या. "जाता जाता भांडुपला देते. बिचारा सकाळपासून भुकेला असेल."

मी त्यांना टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसायला हात दिला. घड्याळ मांडीवर, तुळस दोन पायांमध्ये. मी काहीतरी म्हणणार होते, बरंच काही. बाईंनी माझ्या डब्यातली एक वडी उचलून तोंडात टाकली आणि दार ओढून घेतलं. टेम्पो निघाला. कोपऱ्यावर सिग्नल लागला तेव्हा मी फुटपाथवरून बघत होते. बाई ड्रायव्हरकडे वळून हातवारे करत काहीतरी सांगत होत्या. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या, आणि टेम्पो जागचा हलेना, कारण ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.